चालण्याजोगी जागा

त्र्याण्णवचा मे. महालात टायपिंग इन्स्टिट्यूटच्या माडीवर
एक कॉम्प्युटर, एक कूलर, आणि दोघांत मिळून एकच प्लग.

खेळ साधा होता: माउसनं जागा दाखवायची,
पडद्यावरच्या माणसानं तिथवर चालत जायचं.
पण त्याला चालवायचं तर आधी
चालवणारं हत्यार घडवायला हवं,
आणि ते घडवायला आणखी एक, त्याहून लहान.
चार महिने मी फक्त हातोडेच बनवत होते.

पडद्याच्या तळाशी नऊ क्रियापदं:
उघड लाव घे
दे ढकल ओढ
बघ बोल वापर.
सगळी आज्ञार्थी. कर्ता गृहीत, कर्मावर क्लिक.
अक्षरं मीच बसवली, आठ बाय सोळाच्या चौकटीत, टिंबाटिंबानं;
'ष्ट' मावेना,
म्हणून खेळात कुठेच गोष्ट नाही, हकीकत आहे.

चित्रं शालिकची. तो इतवारीत दुकानांच्या पाट्या रंगवायचा.
"सोळाच रंग? काहून बे?
एका संत्र्याच्या सालीतच मला अकरा दिसून राह्यले."
तरी त्यानं अजनीच्या रेल्वे क्वार्टरची खोली काढली,
नारिंगी ठिपका, पिवळा ठिपका, शेजारी शेजारी,
लांबून पाहिलं की ऊन.

मग माणूस अडकला.
कूलरच्या मागे गेला की परतच येईना,
जागच्या जागी पाय हलवत राही,
लाइन जाईपर्यंत.
कोड तीनदा छापून काढला, जिन्यात बसून वाचला.
चूक सापडेना.

बाबा डबा घेऊन आले. भूमापन कार्यालयातली बत्तीस वर्षं,
साखळी, शंकू, फळी, आणि खिशात कायम एक टोकदार पेन्सिल.
खोलीच्या चित्रावर मी आखलेले बहुकोन दाखवले:
इथं पाय टाकता येतो, इथं नाही,
या तुकड्यातून त्या तुकड्यात जाता येतं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"हा तुकडा कोणाचा?"
कूलरमागचा, म्हटलं.
"याला वाट कुठाय? नकाशात शेजार दिसतो,
पण हद्द भिडत नाही. एका टिंबाची फट आहे.
अशा फटीपायी वीस वीस वर्षं कोर्टात जातात लोक."

एक टिंब सरकवलं.
माणूस कूलरमागून बाहेर आला
आणि दाराशी जाऊन उभा राहिला,
जणू काही झालंच नव्हतं.

उरली उत्तरं. चाळीस वस्तू, नऊ क्रियापदं,
तीनशे साठ रकाने.
रिकाम्या रकान्यात हत्यार आपणहून म्हणायचं:
हे मला जमत नाही.
मला ते वाक्य आवडेना. म्हणून रात्री जागून
माठ ढकलला तर काय, खिळ्याशी बोललं तर काय,
रेल्वेचं वेळापत्रक ओढलं तर काय, असं लिहीत गेले,
कोणी कधी करणार नाही अशा गोष्टींची उत्तरं.

खेळ सात फ्लॉपींवर मावला. अकरा प्रती गेल्या,
त्यातल्या दोन परत आल्या.
शालिक फ्लेक्सच्या धंद्यात गेला, मी बँकेत.

बाबा गेल्यावर कपाटात एक फेरफाराची वही निघाली.
आत पेन्सिलीनं आखलेला तक्ता,
डावीकडे चाळीस वस्तू, वर नऊ क्रियापदं,
प्रत्येक चौकोनात खूण. कधी केलं, ठाऊक नाही;
दुपारी, मी क्लासला गेले असताना असेल.
दोन ठिकाणी शेरा: "उत्तर पुनरुक्त."
एका ठिकाणी: "माठ स्त्रीलिंगी लिहिला आहे. दुरुस्त करणे."

आणि कूलर, बोल, या चौकोनात
त्यांच्या बारीक, सरकारी अक्षरात:
"बोललो. म्हणाला, आधी पाणी टाका.
टाकले."