शंभरातले ब्याऐंशी

भोसरीच्या शेडमध्ये एप्रिलची दुपार,
पत्रा तापून मधूनच टणकन वाजतो.
टेस्ट बेडवर एकच सिलिंडर, डिझेलचा,
सहाशे साठ सीसी, कागदावर.
काचेच्या नळीतलं पाणी थरथरत सांगतं
आत खरंच किती हवा गेली ते.
मी वहीत लिहिते : शंभरातले ब्याऐंशी.

"बाकीचे अठरा कुठे गेले, तांबोळी?"
"गेले नाहीत, मॅडम. आलेच नाहीत."

मग चष्मा कपाळावर सारून :
"एक तर आपलं गाव घाटावर,
इथली हवा मुळात विरळ, त्यात आज एक्केचाळीस डिग्री.
पुढे फिल्टर, मग ते वळण, मग व्हॉल्व्हची फट,
जो तो थोडं थोडं ठेवून घेतो.
आणि इंजिन हवा ओढतं म्हणतात, ते काही खरं नाही.
ते नुसतं खाली सरकून जागा करतं.
ढकलायचं काम आभाळाचं."

जेवणाच्या सुट्टीत ते हेड मांडीवर घेत,
पोर्टमध्ये करंगळी घालून डोळे मिटत.
बोट अडखळलं की तिथे एमरी.
ओतकामाचा एक दाणा, मग दुसरा,
डब्यातली भाकरी वाळून जाई.
अकरा दिवसांनी : चौऱ्याऐंशी.
साहेब म्हणाले, दोनच?
तांबोळी हात धुवायला निघून गेले.

एवढं मात्र मला त्यांनीच दाखवलं, फ्लायव्हील हाताने फिरवून :
पिस्टन तळाला टेकून परत निघतो,
तरी व्हॉल्व्ह मिटत नाही.
चाळीस अंश उघडाच.
मला वाटलेलं, आलेली हवा उलटी जाईल.
पण वेगात निघालेली हवा
समोरून पिस्टन येत असतानाही
आत शिरतच राहते.

एकतीस मेला शाल, नारळ, ग्रुप फोटो.
तीन जूनला पावणेसातला
डबा घेऊन तांबोळी गेटवर.
वॉचमन खुडेंनी कार्ड मागितलं नाही,
मागून येणाऱ्या टेंपोकडे बघत
दांडा जरा सावकाश खाली आणला.

त्या दिवशी हवा गार होती. शहाऐंशी पूर्णांक एक.
'तपासले' या शब्दाखाली
त्यांनी सवयीने सही ठोकली, तारखेसकट.
मी घाईने वही मिटली,
शाई ओली होती,
समोरच्या कोऱ्या पानावर
उलटा उमटला इस्माईल तांबोळी.