कारणाचा रकाना

आमची फियाट थंडीतही झटक्यात सुरू होते,
हे आधीच सांगते,
कारण विचारणारा प्रत्येकजण बॅटरीपासून सुरुवात करतो.
चोक अर्धा ओढायचा, दोनदा पाय द्यायचा,
दर्पण कॉलनीत समोरचं फाटक दिसत नाही अशा धुक्यातही
ती खाकरून उठते.

बंद पडते ती पुढे.
पडावाच्या पुलावर, चढ संपता संपता
आधी आचके, मग एक लांब उचकी,
मग नुसता टायरांचा आवाज
आणि मागे टेम्पोवाल्यांचे हॉर्न.
पंधरा मिनिटं थांबायचं. पुन्हा किल्ली.
पुन्हा सुरू, काही झालंच नव्हतं अशी.

हे एजी ऑफिसातून निवृत्त झालेले.
चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्या,
तेव्हा वही आलीच.
तारीख, मीटर, थंडी किती, टाकीत पेट्रोल किती,
कुठे थांबली, किती वेळाने निघाली,
आणि शेवटी एक रकाना: कारण.
तो दोन महिने कोरा.

प्लग घासले. पॉइंटमधलं अंतर
दाढीच्या जुन्या पात्याने मोजलं.
कंडेन्सर नवा, कॉइल नवी.
कार्ब्युरेटर उघडून मांडला फुटक्या पोळपाटावर,
तोही वर गच्चीत, हातमोजे घालून कुडकुडत,
मला वास नको म्हणून.
दर मंगळवारी तरी आम्ही पुलावर,
मी मागच्या सीटवर, उशी आणि थर्मास घेऊन,
कंपूच्या दवाखान्यात इंजेक्शनची वेळ टळत चाललेली.

शेवटी हजिऱ्याचा बादामसिंग.
बॉनेट त्याने उघडलंच नाही.
गजक चघळत म्हणाला, वही वाचो.
ह्यांनी वाचली, ऑडिटचा आक्षेप वाचावा तशी.
टाकी भरलेली असली की लवकर बंद,
रिकामी असली की उशिरा.
पंपावरून निघाली की पाच किलोमीटर बिनतक्रार.
चघळणं थांबलं.
"जे फिर से पढ़ो, बाबूजी."

मग गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली, बराच वेळ.
पहिला आचका आला तसा तो मागे गेला
आणि टाकीचं झाकण फिरवलं.

स्स्स्स.

एवढा मोठा श्वास मी गाडीचा कधी ऐकला नव्हता.
इंजिन सावरलं. सरळ चालू लागलं.

त्याने झाकण उजेडात धरलं.
मधोमध मोहरीएवढं भोक,
आणि त्यात राखाडी, दगडासारखं काहीतरी भरलेलं.
"छेद काऊ ने मूँद दओ.
हवा भीतर न जाएगी, तो पेट्रोल बाहर कैसे निकरेगो?"
मी शालीची पिन काढून दिली.
तो कोरत राहिला.
हे किल्ल्याकडे बघत होते.
त्या धुक्यात किल्ला दिसतच नव्हता.

तेव्हा मला नोव्हेंबर आठवला.
दुसरं की तिसरं इंजेक्शन. परत येताना
मी एकदाच म्हटलं होतं, आज पेट्रोलचा वास फार येतोय.
एकदाच. मग काच खाली करून तोंड बाहेर काढलं होतं.
पुढच्या मंगळवारी वास नव्हता.
मला वाटलं, औषधाने नाक गेलं असेल.

रात्री त्यांनी रकाना भरला.
सुवाच्य अक्षर, निळी शाई:
"झाकणातील छिद्र बंद."
कोणी बंद केलं, कोणाच्या आदेशाने,
हे चौतीस वर्षं सगळ्यांना विचारणाऱ्या माणसाने
वाक्य तिथेच संपवलं.

ते झोपल्यावर मी घरखर्चाची वही काढली.
नोव्हेंबरचं पान. दूध, इस्त्री, दवाखाना,
आणि त्याच अक्षरात
एम-सील, एक नग, नळासाठी.

आमचा नळ कधी गळलेला नाही.

मी पेन्सिलीने शेजारी बरोबरची खूण केली
आणि वही होती तशी ठेवली.