पाणक्या

उम्म अल कुवेनच्या खाजणात, खारफुटीपलीकडे,
बेटावर जुना ख्रिस्ती मठ उकरताहेत.
मला बोलावलं अर्ध्या इंची लाइन टाकायला,
खापरं धुण्यापुरतं पाणी हवं होतं.

प्रार्थनेची जागा दाखवली. मी मान हलवली.
मग टाकी दाखवली,
आणि मी चपला काढून आत उतरलो.

पुरुषभर खोल. चुन्यात राख कालवून घोटलेला गिलावा,
कोपरे गोल, शेवाळ धरू नये म्हणून.
छपरावरून उतरती पन्हळ, वाटेत एक कुंडी:
गाळ तिथेच बसणार.
वर्षाच्या चार-दोन सरी, त्यावर तीसेक माणसं.

भिंतीवर नऊ रेघा.
आठ जशाच्या तशा. नववी, तळाजवळची,
बोटांनी झिजून पुसट.
रात्री कोणी तरी चाचपत असणार,
उद्या कुणाला नाही म्हणायचं ते.

मीही तेच करतो. लेबर कॅम्पच्या टाकीचा व्हॉल्व्ह माझ्याकडे.
ऑगस्टमध्ये साबण लावून उभी राहिलेली माणसं
पाच भाषांत माझ्या आईचा उद्धार करतात.
इथे पाण्यालाच माय म्हणतात.
पहिल्या आठवड्यात हसू आलं होतं. नंतर नाही.

डॉक्टर शमसा म्हणाल्या, ही बघ, इथून गळायची टाकी.
करंगळीएवढं भोक, मठाबाहेर निघणारं.
फोरमन कुरियाकोस नकाशावर 'भेग' लिहून मोकळा झाला होता.

मी बोट घातलं. कड आतपर्यंत घोटीव.
बाहेरून बूच बसेल अशी खाच,
खाली दगडात वाटी, शेळीचं तोंड मावेल एवढी.
मॅडम, गळती कधी कड घासून घेत नाही.
हे कुणी तरी पाडलंय,
आणि नवव्या रेघेच्याही खाली पाडलंय.

कशावरून, त्यांनी विचारलं.
काय सांगणार. आमच्या कॅम्पात मीटरच्या आधी,
जनरेटरमागे, एक टी-जॉइंट आहे. ड्रॉइंगमध्ये नाही.
कागद नसलेले दोघं-तिघं मासळीवाले
पहाटे डबे भरून जातात.

म्हटलं, वीस वर्षं हेच करतोय, त्यावरून.

त्यांनी 'भेग' खोडलं. पुढे काय लिहिलं, मी पाहिलं नाही.
पाइप जोडला, टेफलॉनचे चार वेढे जास्त दिले,
नळ उघडला.
आधी हवा आली, खोकत.
मग माय.