तीनशे बारा

उणे ऐंशीचं दार उघडलं
की पांढरी वाफ आधी बुटांवर उतरते,
मग दिसतात रॅक, डबे,
डब्यांत उभ्या नळ्या, करंगळीच्या पेराएवढ्या.
तार्तूत सकाळचे आठ वाजलेत
आणि बाहेर अजून रात्रच आहे.

नळीवर नाव नसतं. बारकोड, आकडा.
नावं दुसऱ्या इमारतीत, कुलपात.
तसंच हवं, वाम्बोला म्हणतो,
नाव कळलं की हात कलतो.

तरी एकशे चाळीस कोण, हे मला माहीत आहे.
ट्रे न्यायला गेले होते,
खुर्चीतली बाई नर्सला सांगत होती,
गायकवृंदात मी खालच्या पट्टीत असते,
आता एका ओळीला तीन श्वास लागतात,
म्हणून नुसते ओठ हलवते.
अजून कुणाला कळलेलं नाही.
बाही खाली ओढत ती हसली.
लाइने नाव तिचं. आमच्याकडे लाइने म्हणजे लाट.
डॉक्टरांनी तिला चार वेळा सांगितलंय,
रिपोर्ट नॉर्मल आहेत, थोडं फिरायला जात जा.

नॉर्मल रक्तच मी दिवसभर फिरवते.
यंत्र थांबलं की तांबडं खाली बसतं,
वर उरतो वाळल्या पेंढ्याच्या रंगाचा द्रव.
त्यात आम्ही शोधतोय.
तीन हजार प्रथिनं, प्रत्येकाचं मोजमाप,
कोण वाढलंय, कोण घटलंय,
आजार ओसरून गेल्यावरही
कोण अजून दारात काठी घेऊन उभं आहे
आणि घरच्यांनाच चोर समजतंय.
कधी वाटतं सापडलं.
पुढच्या शंभर नळ्यांत ते विरून जातं.

तुलनेसाठी निरोगी माणसं हवी होती, कमी पडली.
मग आम्हीच बाह्या वर केल्या,
मी, शिपाई, वाम्बोलाचा मेव्हणा.
फॉर्मवर विचारलं होतं: काही त्रास?
मी 'नाही' वर खूण केली, पेन न उचलता.
माझ्या नळीचं लेबल मीच चिकटवलं.
आकडा बघायचा नसतो.
बघितला.

मार्चमध्ये वाम्बोलानं पडद्यावर ठिपके मांडले.
आजारी तांबडे, निरोगी निळे.
दोन ढग, मधे बरीच सरमिसळ,
पण डावीकडे वर
तांबड्यांचा एक घोळका, दाट.
बघ, हेल्वे, तो म्हणाला, आवाज जरा चढलेला,
आणि हा एक निळा बघ, आगाऊ,
कुठे जाऊन बसलाय.
त्यानं बाण ठिपक्यावर नेला.
३१२.
कॉफी गार झाली होती, तरी मी फुंकर घातली.

आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर.
दुसऱ्यावर मी खिडकीशी थांबते.
तिथून एमायोगी दिसते, आईनदी.
बर्फ कुठवर सुटलाय ते बघते,
असं सगळ्यांना सांगत आलेय, दीड वर्ष.
जुलैतसुद्धा.

एका ठिपक्यानं काही सिद्ध होत नाही,
वाम्बोला म्हणतो, आणि ते खरंच आहे.
नमुना लहान, गोंगाट मोठा,
मोजायचं यंत्रही त्या आठवड्यात रुसलेलं.
मी त्याला आकड्याबद्दल काही बोलले नाही.
घरी गेल्यावर फॉर्मची प्रत काढली,
'नाही' वरची खूण बराच वेळ पाहिली.
खोटी नव्हती ती. मला तेव्हा ठाऊक नव्हतं.
की होतं?

एप्रिलमध्ये एकशे चाळीस पुन्हा आली,
दुसऱ्या वेळचं रक्त द्यायला.
लिफ्ट बंद होती.
तिला घ्यायला मी खाली गेले,
दोघी चढू लागलो, आधी बोलत,
मग न बोलता.
दुसऱ्या मजल्यावर तिनं कठडा धरला,
काहीतरी सबब शोधत होती, ओठ हलत होते.
मी म्हटलं, इथून नदी छान दिसते.
मी रोज थांबते.

तिनं नदीकडे पाहिलं नाही,
माझ्याकडे पाहिलं,
माझ्या खांद्यांकडे, ते कसे वर-खाली होताहेत तिकडे.
मग थोडी सरकली,
खिडकीत मला जागा करून दिली.