अर्ध्या तासाच्या आत

महिनाअखेर. भोसरी, जे ब्लॉक.
टाइम ऑफिसच्या खिडकीला हात जाईल एवढंच भोक.
मी ओव्हरटाइमचं शीट उघडते :
रोजचे सहाशे सोळा भागिले आठ,
सत्त्याहत्तर तासाला. कायद्यानं दुप्पट,
एकशे चोपन्न.
चौदा वर्षं झाली,
हा पाढा झोपेतही चुकत नाही.

मशीनचा नियम मी केलेला नाही.
एकोणतीस मिनिटांपर्यंत शून्य,
तिसाव्याला अर्धा तास.
कुणा पोरानं एकदा येऊन सेटिंगमध्ये टिचकी मारली
आणि चहा पिऊन तो निघून गेला.

आठ वाजता, जेवणाच्या सुट्टीत,
खिडकीतून हात आला तो शिवलिंग बिराजदारचा.
फोर्ज शॉप, दुसरी पाळी, अक्कलकोटकडचा.
हातात कुठल्याशा लॅबची फुकटची डायरी,
आकडे पेन्सिलचे, कानडी वळणाचे.
"बावीस मिनिटं, मॅडम. रोज."
"रोज बरोब्बर बावीस?"
"कधी अठरा, कधी सव्वीस. बेरीज करून भागलं.
साडेअकराला भोंगा होतो,
पण लाल झालेला नग हॅमरखाली तसाच टाकून
कसं यायचं? तो उतरवायचा, डाय पुसायची,
मग अंगठा."

अंगठ्याचं मला माहीत आहे.
हॅमरवर सहा वर्षं काढली
की अंगठ्याला रेषा उरत नाहीत.
मशीन म्हणतं, प्लीज ट्राय अगेन.
तो अंगठा केसांत घासतो, तेल लागावं म्हणून.
प्लीज ट्राय अगेन.
मागून कुणीतरी इरसाल काही बोलतं, रांग हसते.
सातव्या वेळी बाईचा गोड आवाज : थँक यू.
त्या सातही वेळा घड्याळ चालू असतं.
त्याचं.

बावीस गुणिले सव्वीस दिवस,
पाचशे बहात्तर मिनिटं,
म्हणजे नऊ तास बत्तीस.
एक हजार चारशे अडुसष्ट रुपये तेरा पैसे.
मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं.
त्याच्या पेन्सिलीतही तेच,
फक्त तेरा पैसे त्यानं आपणहून सोडले होते.
"तेवढं चालतंय की."

"सिस्टिम घेत नाही," मी म्हणाले.
हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय
की त्याचाच ओव्हरटाइम निघेल.
तो भांडला नाही. गेलाही नाही.
"मग सिस्टिमला काय दिसतं
ते तरी कागदावर द्या."

असं आजवर कुणी मागितलं नव्हतं.
साहेब एव्हाना बाणेरला घरी पोचलेले.
मशीनच्या पोटात सगळं असतं, सेकंदासकट,
छाटून देतं ते फक्त माझ्याकडे येताना.
प्रिंटरनं रडतखडत सहा पानं ओकली.
पानोपानी मी शिक्का मारला,
पूर्ण नावानं सही केली, सरोज वामन खिलारे.
तिसऱ्या पानावर हात हलला,
शिक्का दुहेरी उमटला.

"वाकडेवाडीला, कामगार भवन.
रांग तिथंही आहे."
एवढंच सांगितलं.
त्यानं पिशवीतून डबा काढून काखेत धरला,
पानांना कालवणाचं तेल लागू नये म्हणून,
आणि पिशवीत ती उभी ठेवली.

आठ एकेचाळीसला मी अंगठा लावला.
माझ्या रेषा शाबूत. पहिल्याच फटक्यात थँक यू.
माझी सुट्टी साडेपाचला असते.
स्टाफला ओव्हरटाइम नाही,
म्हणून मोजायचं कधी सुचलंच नाही.
बसमध्ये तिकिटाच्या मागे पेन टेकवलं,
खड्ड्यांनी अक्षर हललं तरी लिहिलं :
तीन तास, अकरा मिनिटं.
तिकीट फेकलं नाही.
पर्सच्या आतल्या कप्प्यात,
सुट्ट्या पैशांशेजारी ठेवलं.