चार श्रेयांक

तेवीस वर्षं जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतोय.
भोक असेल तिथं दोरा उठतो,
नसेल तिथं गप बसतो.
सोलापुरी चादरीवरचा मोर
एवढ्यावरच उभा राहतो.

आज गोल काळे करायचेत.
वर्गात बसायची अट नाही,
पेपर काढा, श्रेयांक घ्या.
रात्रपाळी करून तसाच आलोय,
कानात माग चालूच,
हॉलची शांतता खरी वाटेना.

प्रश्न सतरा :
ताण्याचा दोरा वारंवार तुटत असल्यास
प्रथम काय तपासाल?
अ, ब, क, ड.
अंबय्या मास्तर म्हणायचे,
हात लावू नको, आधी मागाला कान लाव.
हे पाचवं उत्तर.
त्याला गोल नव्हता.

पुस्तकात ब होता.
मी ब काळा केला, कडेपर्यंत,
भोक चुकलं की मोराचा डोळा जातो
त्या भीतीनं.

निकाल लागला. चार श्रेयांक पडले.
एकूण अठ्ठावीस.
सुवर्णानं बोटं मोडली, "अजून ब्याण्णव की ओ."
पेढे घेऊन साखर पेठेत मास्तरांकडं गेलो.
कोणता प्रश्न आला होता, विचारलं त्यांनी.

आठवत नाही म्हणालो.