अर्ध्या सुताचा खेळ

पुढचं चाक दोन बोटांत धरून हलवलं
तर आतली मोटर गप्प, आणि चाक आपलं
उधारी नाकारणाऱ्या वाण्यासारखी
हळूच मान हलवतंय.
अर्ध्या सुताचा खेळ आहे, मी म्हटलं.
ओजस म्हणाला, आई, खेळ नाही, त्याला स्लॉप म्हणतात.
म्हणू देत. भोसरीत खेळच म्हणतात.

बेलक्रँक प्लास्टिकचा. त्याची भोकं
मोशीच्या धुळीने खाऊन खाऊन लांबट झालेली.
तयार संच मिळतो अ‍ॅल्युमिनियमचा, निळा, झगझगीत.
किंमत बघून त्याने मोबाईल पालथा ठेवला
आणि मी भाकरी मोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत
तीन नंबरच्या लेथवर पितळेचा तुकडा लावला.
औंधच्या आयटीआयला टर्नरच्या वर्गात मी एकटीच मुलगी;
सर म्हणायचे, बाईचा हात हलका.
मी मायक्रोमीटर पुढे करायचे.
बाहेरून पाच, आतून तीन,
कॉलर तांदळाच्या कणीएवढी.
चार बुश झाले. पाचवा जास्तीचा.
तो गव्हाणे साहेबांनी उचलला, डोळ्याला लावला,
त्यातून खिडकीकडे बघितलं
आणि काही न विचारता परत ठेवला.

रात्री ओट्यावर जुळणी. कुकर बाजूला सरकवून.
टाय रॉडच्या एका टोकाला डावे आटे;
फिरवत गेलं की चाकं फेंगडी होतात.
किंचित फेंगडी ठेव, वळणात आधी घुसेल,
हे मला त्याने शिकवलं.
मग धक्का झेलायची ती छोटी स्प्रिंग
त्याने पार आवळून टाकली, टोकापर्यंत.
मी बघितलं.
बोलले नाही. बुश घट्ट बसले होते,
माझं लक्ष तिकडेच.

रविवारी मंगल कार्यालयामागचं पार्किंग,
कडेला फाडलेले पाण्याचे पाइप,
कोथरूडच्या पोरांच्या निळ्या, झगझगीत गाड्या.
तीन फेऱ्या आमची
बोट हललं की वळत होती,
मनात आलं की वळत होती.
एक काका चहा हातात धरून उभेच राहिले.
चौथीला पाइपला चाक शिवलं. नुसतं शिवलं.
कट्.

झाकण उघडलं तर सर्व्होचे तीन दात
खाली पडलेले, दुधाचे असावेत तसे.
बुशला ओरखडासुद्धा नाही.
पीएमटीने तपकीर गल्ली, तिथे दुकानदाराने
न बघताच सांगितलं,
स्प्रिंग आवळली असणार.
ओजस बूट बघत होता. मीही.

नवी बसवताना त्याने ती दीड आटा सैल सोडली,
चाक माझ्यापुढे धरलं. हलवून बघ.
मी हलवलं.
असू दे एवढा, म्हटलं.

सोमवारी साहेबांनी विचारलं, पळाली का गाडी?
तीन फेऱ्या, म्हटलं.
आणि तीन नंबरचं हँडल त्यांच्या हातात दिलं:
हे बघा, पाव फेरा नुसतंच फिरतं,
सहा वर्षं मी हे मनगटात धरून चालवतेय.